क्रायसलरची टर्बाइन गाडी (१९६३) : इंजिन अफाट, पिकअप मात्र थांबून मिळतो

अमेरिकेत सेंट लुइसच्या ट्रान्सपोर्टेशन म्युझियममधे ही गाडी आहे आणि अजून चालते! आम्ही गेलो तेव्हा नशिबाने सुरू करून दाखवली. धडधड नाही, थरथर नाही, नुसता सूंऽऽ करत चढत जाणारा आवाज, मोठा व्हॅक्यूम क्लीनर चालू केल्यासारखा. बॉनेटखाली पिस्टन नाहीतच, विमानासारखं गॅस टर्बाइन (गरम वायूच्या झोताने फिरणारं चाक), स्पार्क प्लग एकच, रेडिएटर नाही. आयडलिंगलाच (गाडी नुसती उभी असताना) २२,००० च्या आसपास आरपीएम आणि जास्तीत जास्त ४४,५००!! बॉडी इटलीत घिया या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने हाताने बनवलेली, ब्राँझ रंग, समोरून पाय निघत नाही.

डिझेल, रॉकेल काहीही घाला, मेक्सिकोत तर टकीलावर चालवली होती. पण तेव्हा पंपावर सर्रास मिळणारं शिशाचं पेट्रोल हिला वर्ज्य, ही मोठी पंचाईत. आणि दुसरं म्हणजे पिकअप. पॉवर १३० एचपी आणि टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) दणकून, पण पाय दाबल्यावर सेकंद-दीड सेकंद काहीच होत नाही, टर्बाइनला वेग घ्यायला तेवढा वेळ लागतोच. हायवेला मर्ज होताना हा सेकंद फार मोठा असतो. सिग्नलला उभी असतानाही इंधन पितच राहते, मायलेजचं गणित तिथेच बिघडतं.

मी स्वतः गाड्यांच्या टेस्टिंगमधे आहे त्यामुळे मला सगळ्यात आवडली ती यांची टेस्टिंगची पद्धत. १९६३ ते ६६ मधे ५० गाड्या २०३ साध्या लोकांना आळीपाळीने ३-३ महिने फुकट वापरायला दिल्या, खर्च फक्त इंधनाचा, आणि सगळ्यांच्या मिळून १० लाख मैलांच्या वर चालल्या. आमचे ट्रॅकवरचे ड्रायव्हर तयारीचे असतात, ते गाडीला सांभाळून घेतात हो. साधा माणूस सवयीप्रमाणे चावी फिरवली की लगेच ॲक्सिलरेटर दाबतो, इथे टर्बाइन वेगात यायच्या आत जास्तीचं इंधन गेलं की टर्बाइन वेग घ्यायच्या ऐवजी उलट मंदावायचं आणि इंजिन बंद पडायचं. असला फॉल्ट ट्रॅकवर वर्षभर फिरवूनही सापडला नसता.

एकूण ५५ बनल्या त्यातल्या ४६ कंपनीने मोडून टाकल्या, ९ उरल्या. वाचून पोटात कालवलं.

इंजिनला ५ पैकी ५, रोजच्या वापराला २. सेंट लुइसला गेलात तर तिथल्या प्रसिद्ध कमानीबरोबर (गेटवे आर्च) हेही बघा, आणि ती सुरू कधी करणार आहेत ते आधी विचारून जा.