जळगावचं हार्ट क्लिनिक: डॉक्टर चांगले, पण आधीच्या पेशंटचा हिशोब आपल्या नावावर

रेटिंग पाचपैकी चार. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण डॉक्टर माणूस चांगला आहे आणि जे झालं ते जळगावात काय, पुण्यामुंबईतही होत असणार.

आधी साध्या गोष्टी. आम्ही अमळनेरहून रेल्वेने येतो, स्टेशनपासून रिक्षाने लगेच पोहोचतो ते बरं पडतं. नंबर फोनवर लागतो पण त्याला काही अर्थ नाही, अकराचा टाईम देतात आणि आत जायला दीड वाजतो, त्यात मे महिन्याचं ऊन आणि वेटिंगमध्ये एकच कूलर, तोही रिसेप्शनकडे तोंड करून. ईसीजी, इको तिथेच होतं, मेडिकल खाली. विनाकारण टेस्ट लिहीत नाहीत, हे जळगावात मोठंच म्हणायचं.

आता मुद्दा. वडील ७६ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही जुनं, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे ठोके कसेही पडतात, आत रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. त्यावर रक्त पातळ करायची गोळी देतात एवढं माहीत होतं, मामांना चालू आहे. डॉक्टर म्हणे सध्या नको, अ‍ॅस्पिरिन पुरे. का म्हणून विचारलं तर सरळ बोलून गेले की आत्ताच त्यांचा एक पेशंट, वडिलांच्याच वयाचा, याच गोळीवर होता, पोटात ब्लीडिंग होऊन आयसीयूत गेला, रक्त चढवावं लागलं. बोलता बोलता पेनचं टोक टेबलावर टकटक करून राहिले होते, चांगलेच हादरलेले दिसत होते.

वडील तोवर गप्प होते. मग म्हणे, "डॉक्टरसाहेब, तो दुसरा व्हता, मी दुसरा शे."

डॉक्टर हसले. ईसीजीची पट्टी उलटी केली आणि मागे लकव्याचा धोका किती याचे पॉइंट मांडले: वय ७५ च्या वर म्हणून २, बीपीचा १, शुगरचा १, झाले ४. पुरुषाला २ किंवा जास्त आले की साधारण ही गोळी सुचवतात, आणि अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेत नाही हेही त्यांनीच सांगितलं. मग दुसरी बाजू, कधी अल्सर झाला का, पेनकिलर खाता का, दारू? यातलं काहीच नाही. सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) करायला लावलं आणि रिपोर्ट बघून एपिक्साबॅन ही रक्त पातळ करायची गोळी सुरू केली, तिला वॉर्फरिन या जुन्या गोळीसारखं सारखं आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते, बघावं लागत नाही, किडनीवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. हा हिशोब आम्ही बोलल्यावर झाला, आधी नाही, तो एक स्टार मी तिथेच कापला.

घरी येऊन वाचलं तर एका पेशंटचं बघून डॉक्टर पुढच्याचं ठरवतात यावर चक्क अभ्यास झालेत. कॅनडातल्या ओंटारिओचा २००६ चा आहे, वॉर्फरिनवरच्या पेशंटला मोठं ब्लीडिंग झालं की पुढच्या ९० दिवसांत तोच डॉक्टर नव्या पेशंटला ती गोळी लिहिण्याची शक्यता साधारण २१ टक्क्यांनी घटली. पण गोळी न दिलेल्याला लकवा झाला तर? काही फरक नाही! मला वाटतं कारण उघड आहे, ब्लीडिंग झालं तर ते "मी दिलेल्या गोळीने", आणि लकवा झाला तर "वय झालं होतं हो". अमेरिकेतल्या इमर्जन्सीतही तेच, फुफ्फुसातल्या गुठळीचा एक पेशंट सापडला की पुढचे दहाएक दिवस त्या डॉक्टरची त्याच आजाराची तपासणी साधारण १५ टक्क्यांनी वाढते, मग परत पहिल्यासारखं. बाळंतपणातही नॉर्मलमध्ये काही बिघडलं की पुढच्या बाईला सिझरकडे, सिझरमध्ये बिघडलं की नॉर्मलकडे कल जातो, म्हणजे पुढचीचा काही संबंध नसताना.

आता प्रत्येक वेळी हे चूकच असं नाही. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची साथ असली आणि सकाळपासून चार निघाले तर पाचव्या तापाला डॉक्टरने आधी प्लेटलेट बघाव्यातच. पण एकाच्या पोटातलं ब्लीडिंग काही साथीसारखं पसरत नाही ना.

तरी दाखवायला जायचं असेल तर बिनधास्त जा, विचारलेलं त्यांना आवडतं, चिडत नाहीत, आणि पेशंटसमोर आपलं मत बदलणारा डॉक्टर मी तरी जास्त पाहिलेला नाही. चालू गोळ्यांची यादी आणि जुने ईसीजी सोबत न्या. शनिवार टाळा, बाहेरगावची फार गर्दी असते. खालच्या मेडिकलवर लगेच महिन्याचा स्टॉक घेऊ नका, एपिक्साबॅनच्या रेटमध्ये कंपनीप्रमाणे बराच फरक आहे, डॉक्टरांनाच विचारा, स्वस्तातली चालेल का ते लिहून देतात.