हळदीच्या पेढीवर प्रॉक्सीएसक्यूएल: सहा महिने वापरून

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत पेढीचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे ते चालू राहील एवढंच बघतो. प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक सिक्समधला. लिहिणारा मुलगा कधीच पुण्याला गेला, सोर्स कोड कुणाकडंच नाही. मागं डेटाबेस मायएसक्यूएल ५.५.

अडचण अशी की माल कुठं ठेवला ते निवडायच्या यादीत हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, अजून येतात. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हापासून पेढीचा माल गोडाऊनला आणि कोल्ड स्टोरेजला जातो. पण यादीत वरची अकरा नावं पेवांचीच. काउंटरवरचा पोरगा सौद्याच्या घाईत एंटर मारतो आणि चाळीस पोती हळद कागदोपत्री जमिनीखाली जाते.

पेवं डिलीट करता येत नाहीत, जुनी खाती त्यांच्यावर उभी आहेत. टेबलात ‘बंद’ नावाचा कॉलम वाढवून पाहिला, तर नवीन गोडाऊनची नोंदच होईना. प्रोग्राम कॉलमची नावं न देता इन्सर्ट करतो, त्यामुळं एक कॉलम वाढला की एरर. कॉलम काढला, बंद पेवांचं वेगळं छोटं टेबल केलं आणि प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मध्ये बसणारं प्रॉक्सीएसक्यूएल बसवलं.

हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि लिनक्सवर चालतं. पेढीत पडून असलेल्या जुन्या पीसीवर उबुंटू टाकून काम झालं. प्रोग्रामला हातही लावला नाही. काउंटरच्या मशीनवर ओडीबीसीच्या डीएसएनमध्ये (डेटाबेस कुठं आहे ते प्रोग्रामला सांगणारी नोंद) आयपी बदलला आणि पोर्ट ३३०६ ऐवजी ६०३३ केला. आकडे तेच, उलटे, म्हणून लक्षात राहतात. डेटाबेसचे युजर मात्र इथंही पुन्हा भरावे लागतात, नाहीतर लॉगिनच होत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे उत्तर बदलत नाही, प्रश्न बदलतं. प्रोग्रामनं पाठवलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, वाटेत पकडायची, नमुन्याशी जुळली तर तिच्या जागी आपली क्वेरी पुढं पाठवायची. माझ्या नियमात ‘सगळी गोडाऊन दे’ची ‘बंद टेबलात नसलेली गोडाऊन दे’ होते. कॉलम तेच, क्रम तोच, त्यामुळं प्रोग्रामला पत्ता लागत नाही.

पहिला नियम दोन दिवस जुळलाच नाही. आकडेवारीच्या टेबलात त्याच्यापुढं हिट शून्य. क्वेरी डायजेस्टमधून (प्रॉक्सीनं पाहिलेल्या क्वेरींची आटोपशीर यादी) जशीच्या तशी उतरवून घेतली होती, तरी शून्य. शेवटी आलेली प्रत्येक क्वेरी लिहून ठेवणारा मायएसक्यूएलचा जनरल लॉग चालू केला तेव्हा दिसलं, त्या मुलानं ऑर्डर बायच्या आधी दोन स्पेस दिल्या होत्या. डायजेस्टमध्ये जादा स्पेस गाळून दाखवतात, नमुना मात्र मूळ मजकुराशी ताडला जातो. नमुन्यात स्पेसच्या जागी ‘एक किंवा जास्त स्पेस’ लिहिलं आणि हिट पडायला लागले.

मग एका दुपारी लाईट गेली. आली तेव्हा शेठचा फोन, “काय ओ, पेवं परत आली की!” चूक माझीच. नियम रनटाइमला, म्हणजे चालू मेमरीत, लोड केला होता, डिस्कवर सेव्ह केलाच नव्हता. या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. कॉन्फिग फाइलवरही विसंबू नका, ती पहिल्यांदा वाचली जाते, नंतर सगळा कारभार त्याच्या स्वतःच्या छोट्या डेटाबेसमधून.

तिसरा फटका दिवाणजींना बसला. त्यांचा जुन्या सालांचा साठा रिपोर्ट हीच क्वेरी वापरतो, शब्द न् शब्द. पेवं गेली आणि २००४ चा साठा जुळेना. विचारणारा कोणता स्क्रीन आहे हे प्रॉक्सीला कळत नाही, पण युजर कोण हे कळतं. दिवाणजींच्या डीएसएनला वेगळा युजर दिला आणि नियम फक्त काउंटरच्या युजरला लावला. एवढ्या सोयीसाठीच मी याला चांगलं म्हणतो.

कारण खरं सांगायचं तर, सगळ्यांना एकच बदल हवा असेल तर याची गरज नाही. टेबलाचं नाव बदला, जुन्या नावानं व्ह्यू (हवं तेवढंच दाखवणारं आभासी टेबल) करा, तासाभरात मोकळे. मायएसक्यूएल ५.७ पासून क्वेरी बदलायचं प्लगइनही सोबत येतं. आमचं ५.५, म्हणून तो रस्ता बंद.

वेग? काउंटरवर कुणी तक्रार केलेली नाही. धास्ती आहे ती मधल्या पीसीची. तो बंद पडला की काउंटर बंद. त्यासाठी थेट ३३०६ ला जाणारा दुसरा डीएसएन करून ठेवलाय, पोराला निवडायला शिकवलंय. त्या दिवशी पेवं दिसतील, चालेल. अॅडमिनचा आयता पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला, तो सगळ्या जगाला ठाऊक आहे.

उद्या माझ्या जागी कुणी आला तर तो पेवं का दिसत नाहीत म्हणून प्रोग्राम धुंडाळत बसेल, तिथं काहीच सापडणार नाही. म्हणून नियमाची प्रिंट काढून वह्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. दिवाणजींनी तिला कुंकू लावलंय.