नोंदणी की सप्तपदी?

भाची विचारते, "मावशी, नोंदणी लग्न करू की भटजी बोलावू?"

खर्चात तुलनाच नाही: दोन हार, पेढे, तीन साक्षीदार. वेळेत मात्र भटजी सरस. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 30 दिवसांची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते, येणारा-जाणारा वाचतो.

खरी गंमत कायदेशीर बळात. धर्माची सत्ता सरकारकडे गेली म्हणतात. पण 1955 चा हिंदू विवाह कायदा विधीच मागतो. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, विधीशिवाय नुसतं प्रमाणपत्र म्हणजे हिंदू लग्न नव्हे. व्हिसाला मात्र अक्षता दाखवून भागत नाही!

जोडीदार हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसेल, तर या दोन्हींत 1954 चाच कायदा. आजी रुसणार असेल, तर भटजी, आणि पुढच्याच आठवड्यात नोंदणी.