टाकीचं लोखंड गंजलंय: प्लास्टर, पक्की दुरुस्ती की नवी टाकी?

२५-३० वर्षांपूर्वी बांधलेल्या गावच्या उंच टाकीखाली उभं राहून वर पाहिलं, की काय चाललंय ते दिसतं. स्लॅबच्या पोटाच्या खपल्या पडून सळया उघड्या पडलेल्या असतात. खांबावर सळईच्या रेषेत उभी भेग गेलेली असते आणि तिच्यातून तांबूस ओघळ उतरलेला असतो. ग्रामसभेत मग तीन मतं येतात. कुणी म्हणतं, प्लास्टर मारून रंग द्या. कुणी म्हणतं, मोठी दुरुस्ती काढा. कुणाला ती पाडून नवी हवी असते. माझं म्हणणं असं, की सळई कशामुळे गंजली हे कळल्याशिवाय या तिघांपैकी कुणालाच हो म्हणू नका. जी दुरुस्ती यवतमाळकडच्या गावात चांगली टिकेल, तीच खाऱ्या भूजलाच्या दर्यापूरकडे दोन-तीन पावसाळ्यांत उखडू शकते.

ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२.५ ते १३ च्या आसपास. त्यात सळईवर एक पातळ थर तयार होतो आणि तो गंज धरू देत नाही. हा थर दोन वाटांनी जातो. एक वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो वर्षानुवर्षं आत मुरतो, सामू ९ च्या खाली आणतो आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कमी असेल तर सळईपर्यंत लवकर पोचतो. दुसरी वाट मिठाची. मिठातलं क्लोराइड पुरेसं असेल तर काँक्रीटचा सामू शाबूत असूनही ते तो थर फोडतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडून बाहेर येतो.

यातली कोणती वाट, हे ओळखायची पहिली पायरी गावातच करता येते. हायस्कूलच्या रसायनशास्त्राच्या कपाटात फिनॉल्फ्थॅलिन असतं. जाणकार माणसाकडून काँक्रीटचा एक तुकडा ताजा फोडून घ्या, धूळ झटका आणि त्यावर ते शिंपडा. गुलाबी झालं तो भाग अजून अल्कधर्मी आहे, रंगहीन राहिला तो भाग हवेने खाल्ला. सळईपर्यंत सगळं रंगहीन असेल तर कारण बहुधा हवा. सळईभोवती गुलाबी आहे आणि तरी सळई गंजलेली आहे, तर मिठाचा संशय घ्या आणि पुढे प्रयोगशाळेत जा. तिथे वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल करून काढलेल्या भुकटीतलं क्लोराइड मोजतात. आत जाऊ तसं ते कमी होत असेल तर बाहेरून आलेलं. सगळ्या खोलीवर सारखंच असेल तर ते काँक्रीट कालवतानाच आत गेलेलं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हा शेवटचा प्रकार धरूनच चालावं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात भूजलच खारं. आज अनेक गावांच्या टाक्यांत वान, शहानूर धरणांचं गोड पाणी येतं, पण टाकी बांधली त्या काळी माल कालवला कशात? एका जुन्या मिस्त्रीला विचारलं तर तो सरळ म्हणाला, ‘‘आमी तं बोरचंच पानी वापरलं जी, दुसरं आनाव कुठून?’’ त्याचा दोष नाही, गावात प्यायलाच गोड पाणी नव्हतं. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. खाऱ्या बोरचं पाणी याच्या खूप वर जाऊ शकतं. शिवाय त्याच पाण्याने क्युरिंग (नवं काँक्रीट ओलं ठेवणं) झालं असेल तर मीठ बाहेरूनही मुरलेलं असतं.

आता पर्याय. प्लास्टर आणि रंग सर्वांत स्वस्त, आठवड्यात उरकणारं आणि दिसायला झकास. पण त्याने गंज थांबत नाही, फक्त झाकला जातो, आणि खांबावरची भेग झाकली गेली की धोका कुणाच्या लक्षातच येत नाही. टाकीच्या सावलीत अंगणवाडीची पोरं खेळतात. या कामावर पंचायतीचा एक रुपयाही जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पक्की दुरुस्ती म्हणजे वेगळंच काम आहे. हातोडीने ठोकून जिथे बद्द आवाज येतो तो सगळा भाग काढायचा, सळईच्या मागे बोट जाईल इतकं खोदायचं आणि लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं. सळई बारीक झाली असेल तर जोडीला नवी टाकायची. मग गंजरोधक लेप, जोडणीचं रसायन आणि पॉलिमर मिसळलेला मॉर्टर (सिमेंट-वाळूचा माल). बिल मोठं येतं ते खोदकाम आणि परांचीचं, आणि कंत्राटदार नेमकं तिथेच हात आखडतो. सळईची मागची बाजू न खोदता वरून ब्रश फिरवला, तर लेप कितीही महागाचा असो, गंज मागून चालूच राहतो. माप पुस्तकात नोंद होण्याआधी, मॉर्टर भरायच्या आधीचे फोटो मागा.

हवेने खाल्लेल्या टाकीला एवढं पुरतं, वरून कार्बन डायऑक्साइड अडवणारा रंग दिला की आणखी बरं. खारपाणपट्ट्यात मात्र पुरत नाही. तिथे दुरुस्तीच्या ठिगळाच्या आत सळई सुरक्षित होते, पण शेजारच्या जुन्या, खाऱ्या काँक्रीटमध्ये तीच सळई आता अधिक जोमाने गंजू लागते, आणि ठिगळाच्या कडेने नवी भेग येते. यावर उपाय जस्ताच्या ॲनोडचा. मॉर्टरच्या कवचातली जस्ताची वडी ठिगळाच्या कडेला तारेने सळईला बांधतात. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. मीठ किती आणि सळया किती यानुसार साधारण १० ते २० वर्षं ती काम करते. एक गोष्ट अंदाजपत्रकात आवर्जून लिहून घ्या: ॲनोडभोवती इपॉक्सी (राळेचा) मॉर्टर नको. त्यातून वीजप्रवाह जात नाही, आणि महागाची वडी नुसती पडून राहते. तार बांधतो तिथली सळईही लेप न लावता उघडी हवी.

बाहेरून वीज देऊन सळई वाचवायची पद्धतही आहे. मोठ्या पुलांना ती शोभते. सतत वीज आणि वर्षानुवर्षं मोजमाप घेणारा माणूस लागतो, म्हणून गावच्या टाकीसाठी तिचा विचार सोडा.

नवी टाकी कधी? खांबांच्या मुख्य सळयाच खाल्ल्या गेल्या असतील, खांब-बीमच्या सांध्यात भेगा असतील, किंवा प्रयोगशाळेने सगळ्या काँक्रीटभर मीठ दाखवलं असेल, तर ठिगळं लावण्यात पैसा घालू नका. फक्त छताचा स्लॅब खराब असेल तर घाई नको. टाकीत पाण्यावरच्या मोकळ्या जागेत ओल आणि ब्लिचिंगचा क्लोरीन साठतो, म्हणून छताचं पोट सर्वांत आधी सडतं. तेवढं छत बदलून, वायुनळी मोकळी ठेवून आणि टीसीएल (ब्लिचिंग) पावडर मापात टाकून खालची टाकी कित्येक वर्षं चालू शकते.

नवी बांधायची ठरली तर इपॉक्सी लावलेल्या सळईच्या मागे लागू नका. खेड्यात ती ट्रॉलीतून ओढली जाते, वाकवताना खरवडते, आणि खरवडलेल्या जागी गंज खोल जातो. त्यापेक्षा पाणीटाक्यांच्या आयएस ३३७० मानकाप्रमाणे किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट, ४५ मिलिमीटर कव्हरसाठी सिमेंटचे ब्लॉक (दगडाच्या चिपा नव्हेत), राखमिश्रित पीपीसी सिमेंट आणि कालवण्यापासून क्युरिंगपर्यंत टँकरचं गोड पाणी. टँकरचा खर्च टाकीच्या एकूण खर्चात किरकोळ आहे. पीपीसीला उन्हात १४ दिवस ओलं ठेवावं लागतं. विदर्भाच्या मे महिन्यात ते सांभाळणं अवघड, म्हणून काम दिवाळीनंतर काढा.

यवतमाळ, वर्धा किंवा गडचिरोलीकडे, खांब धड असतील आणि तपासणीत मीठ निघालं नसेल, तर मी पक्की दुरुस्तीच निवडेन. खारपाणपट्ट्यात मीठ ठरावीक भागापुरतं असेल तर ॲनोडसह दुरुस्ती, सगळीकडे असेल तर नवी टाकी. जुनी मात्र नवीतून पाणी सुरू होईपर्यंत पाडायची नाही. तोवर तिच्यात निम्मंच पाणी भरा, खाली तारेचं कुंपण घाला आणि स्ट्रक्चरल ऑडिटसाठी (मजबुतीच्या तपासणीसाठी) जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला आजच पत्र द्या.