इंग्रजी शिकण्याची ऑनलाइन साधने: आपली चूक कोण दाखवते, हे आधी पाहावे

इंग्रजी शिकण्यासाठी ऑनलाइन साधन निवडू पाहणारा माणूस बहुधा अभ्यासक्रमाची यादी, धड्यांची संख्या आणि वर्गणी यांची तुलना करतो. ही तुलना चुकीची नाही, पण तिच्यातून निर्णय होत नाही, कारण शिकवण्याचा मजकूर आज विपुल आहे आणि त्यातला बराचसा मोफत आहे. खरी टंचाई आहे ती दुरुस्तीची, म्हणजे आपण स्वतः रचलेले वाक्य कोणीतरी तपासण्याची, त्यातली चूक नेमकी दाखवण्याची आणि तेच वाक्य पुन्हा करवून घेण्याची. म्हणून या आढाव्यात प्रत्येक साधनाकडे मी एकाच प्रश्नातून पाहिले आहे: ते शिकणाऱ्याकडून काय करवून घेते आणि तो चुकला तर काय करते?

कसोटीसाठी एक वाक्य घेऊ. ‘मी त्याला पाच वर्षांपासून ओळखतो’ हे इंग्रजीत सांगताना अनेक मराठी भाषक ‘आय अ‍ॅम नोइंग हिम सिन्स फाइव्ह इयर्स’ असे म्हणतात. ‘नो’ हे स्थिती दाखवणारे क्रियापद असल्याने त्याला सहसा ‘इंग’ लागत नाही, पूर्वी सुरू होऊन आजही टिकून असलेल्या स्थितीसाठी पूर्ण वर्तमानकाळ लागतो आणि कालावधी सांगताना ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’ येतो. बरोबर वाक्य ‘आय हॅव नोन हिम फॉर फाइव्ह इयर्स’ असे आहे. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच दिवसांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतो आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहते, त्यामुळे आपण आपले व्याकरण इंग्रजी शब्दांत घालतो. मातृभाषेतून आलेली अशी चूक नुसते ऐकून जाईलच असे नाही, कारण समोरच्याला अर्थ कळतो आणि बोलणे पुढे सरकते. कोणतेही साधन घेण्यापूर्वी हे वाक्य, किंवा स्वतःचे असेच एखादे वाक्य, त्याच्यापुढे ठेवून पाहावे.

निवडीआधी आपली पातळी ठाऊक हवी. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक चौकटीत ए१ (अगदी प्रारंभीची) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पायऱ्या आहेत आणि बहुतेक जबाबदार साधने आपले धडे त्याच पायऱ्यांवर बसवतात. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेच्या अंदाजानुसार अगदी प्रारंभापासून ए२ गाठायला १८० ते २०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते, तर बी२ गाठायला ५०० ते ६०० तास लागतात. पाचशे तास तीस दिवसांत बसवायचे तर रोज जवळपास सतरा तास अभ्यास करावा लागेल, तेव्हा ‘महिन्याभरात अस्खलित इंग्रजी’ असा दावा करणारी चित्रफीत किंवा अभ्यासक्रम तुलनेतून आधीच वगळावा.

सुरुवात करणाऱ्यापुढे बहुधा दोन पर्याय असतात: ड्युओलिंगोसारखे अ‍ॅप किंवा ब्रिटिश कौन्सिलचे लर्नइंग्लिश हे संकेतस्थळ. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्युओलिंगोचे सर्वांत मोठे बळ सवय लावण्यात आहे. धडे लहान असतात, सलग किती दिवस अभ्यास केला याची नोंद डोळ्यांपुढे राहते आणि हिंदीतून इंग्रजी शिकवणारा अभ्यासक्रमही तेथे आहे. मात्र त्यातील बराच सराव समोर दिलेले शब्द जुळवण्याचा किंवा ठरलेल्या वाक्याच्या भाषांतराचा असतो. तेथे ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ यांतून एक निवडणे जमते, पण त्यावरून तेच वाक्य संभाषणात आपोआप बरोबर येईल असे मानता येत नाही. ओळखता येणे आणि वापरता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि अखंड दिवसांची मोठी संख्या मुख्यतः पहिलीचीच साक्ष देते. लर्नइंग्लिशमध्ये रोज बोलावून घेणारे असे काही नाही, तेथे शिस्त आपली आपणच आणावी लागते. त्या बदल्यात वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे स्वतंत्र विभाग पातळीवार मिळतात आणि व्याकरणाचे स्पष्टीकरण नीट, उदाहरणांसह दिलेले असते. ज्याला अभ्यासाची सवयच नाही त्याने दोन-तीन महिने अ‍ॅपवर घालवायला हरकत नाही. ज्याने शाळेत इंग्रजी शिकलेले आहे पण ते विस्कळीत झाले आहे, त्याने मात्र थेट लर्नइंग्लिशकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रवणासाठी दोन जुनी नावे शेजारी ठेवता येतील. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवणे १९४३ मध्ये सुरू केले आणि आजच्या बीबीसी लर्निंग इंग्लिशमधील ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा त्याच परंपरेतला कार्यक्रम आहे. दोन निवेदक एका विषयावर बोलतात, आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतात आणि सहा शब्द किंवा वाक्प्रचार उलगडतात. सोबत लिखित संहिताही मिळते, परंतु ती शब्दशः नाही असे तिच्यावरच छापलेले असते, म्हणून ऐकून लिहिण्याचा सराव करणाऱ्याने कानावर विश्वास ठेवावा. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी प्रसारण संस्थेची सोप्या इंग्रजीतील सेवा १९५९ मध्ये सुरू झाली. सुमारे १५०० शब्दांची मर्यादा, छोटी वाक्ये आणि नेहमीपेक्षा संथ गती ही तिची ओळख होती. मार्च २०२५ मध्ये त्या संस्थेचे प्रसारण मोठ्या प्रमाणावर थांबले, त्यामुळे ताज्या बातम्यांसाठी तिच्यावर विसंबू नये, पण जुने भाग जेथे मिळतील तेथे ए२ पातळीच्या श्रोत्याला ते आजही उपयोगी आहेत. बी१ पासून पुढे बीबीसी अधिक योग्य, कारण तेथील बोलणे नैसर्गिक गतीच्या जवळ जाते. आपले कसोटीचे वाक्य मात्र या दोहोंपैकी कोणीही तपासणार नाही. ही ऐकण्याची साधने आहेत आणि त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

शब्दकोशाची निवड अनेक जण निवड मानतच नाहीत, याचे मला वाईट वाटते. इंग्रजी-मराठी कोशात ‘अ‍ॅडव्हाइस’समोर ‘सल्ला’ असे दिसते आणि ‘सल्ले’ हे अनेकवचन मराठीत चालत असल्यामुळे शिकणारा ‘अ‍ॅडव्हायसेस’ म्हणून मोकळा होतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे शिकणाऱ्यांसाठीचे मोफत ऑनलाइन कोश ते नाम अगणनीय, म्हणजे अनेकवचन न होणारे, असल्याचे सांगतात, सोप्या शब्दांत अर्थ देतात, ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार ऐकवतात आणि अनेक शब्दांपुढे ए१, बी२ अशी पातळीही दाखवतात. मराठीत उपपदे नसल्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ कोठे लावावे हा प्रश्न आपल्याला वर्षानुवर्षे छळतो, आणि नाम गणनीय आहे की नाही हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. द्विभाषिक कोश टाकून द्यावा असे नाही. तो अर्थ चटकन कळण्यासाठी आणि शिकणाऱ्यांसाठीचा कोश वापर कळण्यासाठी, असे दोन्ही ठेवावेत. पाठांतरासाठी आन्की हे ठरावीक अंतराने उजळणी करवणारे साधन संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे. दुसऱ्याने केलेला प्रश्नोत्तरांच्या कार्डांचा तयार संच उतरवून घेण्याऐवजी आपण चुकलेली वाक्ये दुरुस्त स्वरूपात त्यात घातली, तर ते जास्त उपयोगी पडते.

लेखनाकडे आले की दुरुस्तीचा प्रश्न थेट समोर येतो. केंब्रिजचे राइट अँड इम्प्रूव्ह मोफत आहे. दिलेल्या विषयावर आपण लिहायचे, काही सेकंदांत पातळीचा अंदाज आणि संशयित जागांवर खुणा मिळतात, त्या पाहून आपणच सुधारून पुन्हा सादर करायचे. कित्येकदा ते फक्त जागा दाखवते आणि उत्तर आपल्याला शोधायला लावते, आणि मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या चॅटजीपीटीसारख्या साधनांना आपले कसोटीचे वाक्य दिले, तर ती ते सहज दुरुस्त करतात आणि कारण मराठीतूनही सांगतात. ही सोय असामान्य आहे. अडचण वेगळीच आहे. परिच्छेद ‘सुधारून दे’ म्हटले की ती संपूर्ण परिच्छेद नव्याने लिहितात, शिकणारा तो उतरवून घेतो आणि चूक जिथल्या तिथे राहते. म्हणून ‘नव्याने लिहू नकोस, चुकीच्या जागा दाखव, मी दुरुस्त करेन’ अशी सूचना आधीच द्यावी. गप्पा मारताना ही साधने न सांगता चूक दुरुस्त करतीलच असेही नाही, आणि त्यांचे व्याकरणाचे स्पष्टीकरण कधी ठामपणे चुकीचेही असते, म्हणून शंकेची जागा वर सांगितलेल्या कोशांत पडताळावी. स्वतः लिहिलेले तपासून घ्यायचे असेल तर आधी राइट अँड इम्प्रूव्ह, आणि खुणेचे कारण कळले नाही तर मग चॅटजीपीटी, हा क्रम मला योग्य वाटतो.

बोलण्यासाठी तीन मार्ग आहेत, आणि बहुतेकांचे अडते ते येथेच. यंत्राशी बोलण्याचा फायदा हा की लाज वाटत नाही आणि तेच दहा वेळा विचारता येते. मात्र बोलणे ओळखणारी प्रणाली संदर्भावरून शब्द भरून घेऊ शकते, त्यामुळे आपला सदोष उच्चार तिच्याकडून न टोकता निसटू शकतो. टँडम किंवा हॅलोटॉक यांवर भाषेची देवाणघेवाण होते: आपण त्यांना आपली भाषा शिकवायची, त्यांनी आपल्याला त्यांची. मराठी शिकू इच्छिणारे इंग्रजीभाषक थोडेच असल्याने ही देवाणघेवाण प्रत्यक्षात जुळणे अवघड जाते, आणि जुळली तरी समोरची व्यक्ती शिक्षक नसते. ‘हे असे म्हणत नाहीत’ इतके ती सांगेल, का म्हणत नाहीत हे सांगेलच असे नाही. तिसरा मार्ग पैसे देऊन एकास एक शिकवणीचा, आयटॉकी किंवा प्रेप्लीवरचा. आयटॉकीवर व्यावसायिक शिक्षक आणि सामुदायिक शिक्षक असे दोन गट वेगळे दाखवलेले असतात, आणि दोन्ही ठिकाणी आधी चाचणी तास घेता येतो.

या चाचणी तासाचा उपयोग नीट करावा. बोलता बोलता कसोटीचे वाक्य मुद्दाम चुकीचे म्हणावे आणि शिक्षक काय करतो ते पाहावे. त्याने ते सोडून दिले, तर आपण शिकवणीचे नव्हे, गप्पांचे पैसे देत आहोत. त्याने बरोबर वाक्य सांगून आपल्याकडून ते वदवून घेतले आणि तासानंतर चुकांची टिपणे पाठवली, तर त्याच्याकडेच थांबावे. तासाच्या निम्म्याहून अधिक वेळ शिक्षकच बोलत असेल, तर तोही नापसंतीचाच मुद्दा समजावा. इंग्रजी ही शिक्षकाची मातृभाषा असलीच पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही. मराठी किंवा हिंदी जाणणाऱ्या कुशल शिक्षकाला ‘पाच वर्षांपासून’ कोठून आले हे लगेच कळते, आणि ते कळले की दुरुस्ती एका वाक्यापुरती न राहता त्या प्रकारच्या सगळ्या वाक्यांना लागू होते.

खर्च करायचा नसेल तर लर्नइंग्लिश, एक चांगला कोश आणि राइट अँड इम्प्रूव्ह एवढ्यावर बी१ पर्यंतचे बरेच काम होते. थोडा खर्च शक्य असेल तर तो अ‍ॅपच्या सशुल्क आवृत्तीवर न करता पंधरवड्यातून एका शिकवणीच्या तासावर करावा आणि त्या तासातल्या चुका आन्कीत घालाव्यात. परीक्षेची तयारी करणाऱ्याचा हिशेब निराळा आहे: त्याने ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच नमुना प्रश्नपत्रिका आधी सोडवाव्यात, इतर सर्व नंतर.

साधन कोणतेही घेतले तरी पहिल्या दिवशी एखाद्या विषयावर दोन मिनिटे इंग्रजीत बोलून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. सहा आठवड्यांनी त्याच विषयावर पुन्हा बोलावे आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकावे. पहिल्यातल्याच चुका दुसऱ्यात तशाच ऐकू आल्या, तर त्या दाखवून देणारे साधन अजून आपल्याला मिळालेले नाही असे समजून पुढच्या सहा आठवड्यांसाठी दुसरे निवडावे.