सैल हँडब्रेकची दुरुस्ती : ढवळीजवळच्या एका छोट्या गॅरेजविषयी

गोव्यात फोंड्याहून ढवळीकडे जाताना रस्त्यापासून थोडे आत पत्र्याच्या छपराखाली एक छोटे गॅरेज आहे. आमच्या गाडीचा सैल पडलेला हँडब्रेक तिथे नीट झाला. या कामात बहुतेक ठिकाणी जे केले जाते आणि जे करायला हवे, त्यांत बरेच अंतर आहे. ते अंतर या गॅरेजात पाहायला मिळाले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

गाडी मागच्या चाकांना ड्रमब्रेक असलेली छोटी हॅचबॅक आहे. हँडब्रेकची दांडी जवळजवळ शेवटपर्यंत ओढावी लागे आणि तरीही उतारावर गाडी हलकेच सरकत असे. आमचे जाणे-येणे दिवाडी बेटावर असते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी फेरीबोटीत चढण्याचा उतार लांब आणि निसरडा होतो. पुढची गाडी आत शिरेपर्यंत त्या उतारावर थांबावे लागते आणि बोटीतही गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. अशा जागी हँडब्रेकवर विश्वास नसला, तर चालकाला पायब्रेकवरचा पाय क्षणभरही उचलता येत नाही.

याआधी दुसऱ्या एका गॅरेजने दांडीजवळचा नट आवळून केबल ताणून दिली होती. दांडी लगेच वर लागू लागली, त्यामुळे काम झाले असे वाटले. काही आठवड्यांतच ती पुन्हा सैल पडली. शिवाय उजवे मागचे चाक गरम होऊ लागले आणि गाडी ढकलताना जड वाटू लागली.

ढवळीच्या मिस्त्रींना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "केबल शेवटी बघू. आधी ड्रम उघडू द्या." या क्रमाला महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. दांडी ओढली की मागच्या चाकांकडे जाणारी केबल ओढली जाते. तिथे तराजूच्या दांडीसारखा एक तुकडा तो ओढा दोन्ही चाकांकडे वाटून देतो आणि ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या, आतली पट्टी शूंना, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक अडवणाऱ्या वक्र तुकड्यांना, बाहेर ढकलते. शूंवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, झिजत जाते, तसे शू आणि ड्रम यांतले अंतर वाढते. ते अंतर आपोआप भरून काढण्यासाठी आत एक दातेरी ॲडजस्टर असतो. तो गंजून अडकला, तर अंतर वाढतच राहते आणि आपल्याला ते दांडीच्या सैलपणातून जाणवते. अशा वेळी नुसती केबल ताणली, तर दांडी सोडलेली असतानाही शू आपल्या मूळ जागेवरून थोडे उचललेले राहतात. ज्या बाजूचे अंतर कमी असते ती बाजू घासू लागते, आणि ॲडजस्टरला तर आपले काम करायला वावच उरत नाही. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते : डाव्या चाकातला ॲडजस्टर अडकला होता आणि घासत होते उजवे चाक.

काम सुरू करण्याआधी त्यांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक पूर्ण सोडला आणि गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवलेल्या गाडीखाली हात घालणारे कारागीर मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. इथे तसे झाले नाही, याची मी आवर्जून नोंद घेतो. त्यानंतर आधीच्या गॅरेजने आवळलेला नट त्यांनी सैल केला. मगच ड्रम काढले. आतली भुकटी हवेच्या नळीने उडवली नाही, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घेतली. ही भुकटी श्वासात जाणे घातक असल्यामुळे ही सवय मला फार मोलाची वाटली.

लायनर पुरेसे जाड होते. ते त्यांनी मोजून दाखवले आणि नवे शू घालण्याची गरज नसल्याचे स्वतःहून सांगितले. चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी उचलून तेलाची गळती नसल्याची खात्री केली. ॲडजस्टर सोडवून स्वच्छ केला आणि शू जिथे मागच्या पत्र्यावर घासतात त्या ठिकाणी उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पातळ लावले. लायनरला ग्रीसचा हातही लागू दिला नाही. ड्रम परत बसवल्यावर पायब्रेक सावकाश पुन्हापुन्हा दाबून दोन्ही ॲडजस्टर आपापल्या जागी येऊ दिले. नट आवळण्याची पाळी आली ती त्यानंतर. थोडा आवळायचा, दांडी ओढायची, सोडायची आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहायची, असे ते बराच वेळ करत राहिले. दांडी सोडल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत आणि ओढल्यावर दोन्ही सारखीच अडकली पाहिजेत, यावर त्यांनी कुठेही तडजोड केली नाही. दांडी किती दात (ओढताना ऐकू येणारे 'कट' आवाज) वर यावी, हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. तो त्यांनी माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहून घेतला.

या दुरुस्तीने पायब्रेकही सुधारला. शूंचे अंतर कमी झाल्यामुळे पेडल पूर्वीपेक्षा वर लागते. नुसत्या केबलच्या कामाने हे कधीच झाले नसते.

नंतर फर्मागुडीच्या बाजूच्या एका रिकाम्या चढावर चाचणी घेतली, गाडीचे तोंड आधी वर आणि मग खाली करून, न्यूट्रलमध्ये, पायब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत. गाडी जागची हलली नाही. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत अशी अपेक्षा आहे की, हँडब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि उतारावर रोखून धरावी, म्हणजे १०० मीटर अंतरात २० मीटर उंची असलेल्या रस्त्यावर. आपल्याकडची साधी चाचणी त्या तोडीची नसते, परंतु रिकाम्या सपाट रस्त्यावर दांडी ओढून "लागतो आहे" असे म्हणण्यापेक्षा ती कितीतरी अधिक काही सांगते.

गोव्यातल्या गाड्यांसाठी त्यांनी दिलेला एक सल्ला सर्वांच्या उपयोगाचा आहे. पावसाळ्यातल्या दमट, खाऱ्या हवेत ओली गाडी हँडब्रेक लावून बरेच दिवस उभी ठेवली, तर लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटते आणि केबलही आवरणात आखडते. म्हणून घरासमोरच्या सपाट जागी गाडी बरेच दिवस राहणार असेल, तर ती गिअरमध्ये टाकून चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक मोकळा ठेवावा. उतारावर मात्र हँडब्रेक, गिअर आणि ठोकळे ही तिन्ही साधने हवीत.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बसायला धड जागा नाही, फोनवर वेळ ठरवून मिळत नाही आणि छापील बिल मागून घ्यावे लागते. कामाला जवळजवळ अर्धा दिवस गेला. मजुरी आणि किरकोळ साहित्य मिळून ७५० रुपये झाले. केबल आवळण्यासाठी आधी दिलेल्या रकमेपेक्षा ते बरेच जास्त आहेत, पण दोन्ही ड्रम उघडून केलेल्या कामाला मला ते रास्त वाटतात.

ज्यांच्या गाडीत दांडीऐवजी बटणाचा, विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक आहे, त्यांनी इथे जाऊ नये. त्या ब्रेकची मोटर सहसा निदानयंत्र जोडून दुरुस्तीच्या स्थितीत न्यावी लागते. ते यंत्र आपल्याकडे नाही, असे मिस्त्री स्पष्ट सांगतात आणि अशी गाडी कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवतात. दांडीचा हँडब्रेक असेल तर सकाळी लवकर, ड्रम थंड असताना गाडी न्यावी, मॅन्युअल सोबत ठेवावे आणि याआधी कोणी केबल आवळली असल्यास ते आधीच सांगावे.