पन्हाळा की दाजीपूर: आजी-आजोबा आणि दुडदुडणारं पोर सोबत असेल तर

कोल्हापूरच्या माणसानं सुट्टीत दोन रात्री पन्हाळ्यावर राहायचं म्हटलं की हसं होतं. "संध्याकाळी जाऊन झुणका-भाकर खाऊन परत यायची जागा ती, तिथं रूम कशाला घेतोस?" असं मेव्हणा माझ्या तोंडावर म्हणाला. त्यामुळं दिवाळीनंतर आम्ही शहाण्यासारखं दाजीपूरचं जंगल गाठलं, आणि जानेवारीत हसं करून घेऊन पन्हाळा. दोन्ही वेळी माणसं तीच. आप्पांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, आई गुडघ्यांनी जेरीस आलेली, बायको, मी, आणि दोन वर्षांची मनू, जिला उचललं की उतरायचं असतं आणि उतरवलं की कडेवर यायचं असतं. अट एकच होती. दिवस उन्हा-वाऱ्यात, हिंडण्यात गेला पाहिजे, रिसॉर्टच्या खोलीत टीव्हीसमोर नाही.

आधी दाजीपूरची बाजू सांगतो, कारण ती खरंच भारी आहे. जाताना राधानगरी धरणाजवळ थांबलो तेव्हा आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पावसाळ्यात आमच्या घरी दोनच बातम्या चालतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली का, आणि राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले. ते दरवाजे समोर बघून आप्पा अर्धा तास तिथून हलले नाहीत. शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास काम सुरू केलं, मग ते कसं रखडलं, स्वातंत्र्यानंतर कसं पुरं झालं, हे सगळं त्यांनी मनूला समजावून सांगितलं. मनूनं त्या वेळात एक पारले-जी संपवलं.

आणि गवा. फुकटच नाही १९५८ साली हे जंगल गव्यांसाठी राखीव केलं. संध्याकाळच्या उन्हात एक मोठा नर वाटेच्या कडेला उभा होता. काळा कुळकुळीत, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि आमच्याकडं 'तुम्ही कोण?' अशी नजर. मनू म्हणाली, "म्हैस." आप्पा हळूच म्हणाले, "ही म्हैस दावणीला येत नाही बाळ." असं काही पन्हाळ्यावर मिळणार नाही, हे आधीच कबूल करतो.

पण आता त्या जीपचं सांगतो, कारण माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

अभयारण्याच्या आतला रस्ता म्हणजे लाल मातीची, दगडगोट्यांची वाट. आत गेलं की खाली उतरायचं नाही, ठरलेल्या ठिकाणी गाडी थांबेल तेव्हाच. नियम योग्य आहे, जंगल आहे ते. गाइड आणि ड्रायव्हर दोघंही अगदी भली माणसं होती. पण आप्पांची रक्तदाबाची गोळी अशी आहे की घेतली की तासा-तासाला लघवीला उठावं लागतं. आम्ही जेमतेम अर्ध्या वाटेत होतो. आप्पा काही बोलले नाहीत, नुसते पुढच्या सीटचा बार धरून बसले. त्यांचा तो बार धरलेला हात मला अजून दिसतो, बोटांची पेरं पांढरी पडलेली. गाइडच्या लक्षात आलं. "आप्पा, जरा कड काढा, पुढं सड्यावर उतरवतो," तो म्हणाला. सडा, म्हणजे जंगलातलं मोकळं कातळपठार, आला अर्ध्या तासानं.

त्याच अर्ध्या तासात मनूची झोपेची वेळ झाली. झोप येते आहे पण गाडी आदळते म्हणून लागत नाही, मग जे रडणं सुरू होतं त्याला आमच्याकडं 'सूर धरणं' म्हणतात. आई एका हातानं कंबर धरून होती, दुसऱ्या हातानं मनूला थोपटत होती. माझी बायको सावराई सडा बघायला इतक्या हौसेनं आली होती, तिनं तिथं पोचल्यावर मनूला खांद्यावर टाकून गाडीभोवती फेऱ्या मारल्या. एवढंच तिचं दर्शन.

चूक कुणाचीच नव्हती. पण एक अडला की पाचही अडले. ज्याला थांबायचंय त्याला थांबता येत नाही आणि ज्याला बघायचंय त्याला बघता येत नाही.

पन्हाळ्यावर नेमकं याच्या उलट घडलं, आणि तेही पहिल्याच सकाळी. अंबारखान्यापाशी, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठारांपाशी, गाडी उभी केली. आई दोन पावलं चालली, सावलीतला एक कट्टा बघितला आणि म्हणाली, "तुम्ही जावा, मी इथंच बसतो." (बाहेरगावच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात आया-बाया 'बसतो', 'येतो' असंच म्हणतात.) आम्ही गेलो, तिनं बसल्या जागी शेजारच्या बाईंशी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत ओळख वाढवली. कुणाचं काही अडलं नाही. तासाभरानं आप्पांना कंटाळा आला, ते मनूला घेऊन रूमवर गेले. गाडीनं पाच मिनिटं. दोघंही दुपारी तीनपर्यंत झोपली, आणि आम्ही दोघं, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच, तटावरून निवांत चाललो. तटबंदीच सात किलोमीटरच्या पुढं आहे, त्यामुळं पाय मोकळे करायला जागा कमी पडत नाही.

अंबारखाना मनूसाठी म्हणून मुद्दाम सांगतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्या कोठारांची नावं. एकट्या गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्‌महिने टिकला तो असल्या पोटाच्या जोरावर, हे आप्पांचं मत. मनूला त्यातलं काही नको होतं. आत अंधार, गारवा, आणि 'आ' केलं की भिंती 'आ' करतात. तिनं वीस मिनिटं 'आ' केलं. दोन वर्षांच्या पोराला याहून जास्त काही दाखवायची गरज नसते, असं मला आता वाटायला लागलंय.

हिंडायची खाज असलेल्यांचंही भागतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अंधारातच उठून म्हाळुंग्याच्या बाजूनं मसाई पठाराकडं निघालो. निम्मं अंतर चालून, उजाडलेलं पठार लांबून बघून परत फिरलो, कारण फोन आला, "मनू उठली, आणि दूध कुठंय?" हे 'परत फिरणं' लिहिताना साधं वाटतं. जीपमध्ये तेच करता आलं नव्हतं.

आता पन्हाळ्याच्या खोडी. शनिवार-रविवारी जाऊ नका. तीन दरवाज्याकडं गाड्यांची अशी दाटी होते की शांतता शोधायला घरी परत यावं. सज्जाकोठी आणि पुसाटी बुरुजाकडं कडा सरळ तुटलेला आहे, तिथं पोराचा हात एका मोठ्या माणसानं धरलेलाच हवा, फोटो दुसऱ्यानं काढावा. अंधारबावीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या विहिरीच्या, पायऱ्या गुडघेवाल्यांनी वरूनच बघाव्यात. माकडं खाऊ हिसकावतात, मनूचं केळं गेलं आणि त्याचा उल्लेख घरात अजून रोज होतो. पावसाळ्यात मात्र आधी चौकशी करा, २०२१ च्या पावसात गडावर जायचा रस्ताच खचला होता. अर्थात पावसाळ्यात दाजीपूरही बंदच असतं.

जेवणाचं फार लिहीत नाही. दाजीपूरला आधी सांगून ठेवलं तर घरगुती, चांगलं मिळालं. पन्हाळ्यावर भाकरी, पिठलं, खर्डा आणि मडक्यातलं दही दारोदार आहे. मनू दोन दिवस दही-भाकरीवर राहिली.

कुणी विचारलं की युनेस्कोच्या यादीत कुठलं, तर दोन्ही. राधानगरीचं जंगल (दाजीपूर त्यातच येतं) पश्चिम घाटासोबत २०१२ साली गेलं आणि पन्हाळा मराठ्यांच्या किल्ल्यांसोबत २०२५ साली. म्हणजे त्यावरून काही ठरत नाही.

तुमचे आई-वडील अजून रोज रंकाळा तलावाला दोन फेऱ्या मारत असतील आणि पोर पाच-सहा वर्षांचं असेल, तर मी दाजीपूरला नको म्हणणार नाही, उलट आधी तिकडंच जा म्हणेन. गवा बघायचं वय तेच. आमच्यासारखी भट्टी असेल, एक टोक झोपेचं आणि दुसरं गोळीचं, तर पुढची दोन-तीन वर्षं मी तरी पन्हाळाच धरीन, मधल्या वारी, मेव्हण्याला न सांगता.

आणि दाजीपूरच ठरलं, तर ती गोळी त्या दिवशी उशिरा घेतली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं.